डोळ्यावरचं भस्म

मी एक वेबकॅम बोलतोय. तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यानं बघावं, बोलावं कशाला? पण माझ्या पोटात एक बारीकसा कानही आहे, हे लोक विसरतात. आणि नांदूरघाटच्या कल्याणअप्पांच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर गप्प बसणं कुणालाच जमत नाही. इथे दुकानातला तराजूसुद्धा करकर करत आपलं म्हणणं मांडतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती परळीच्या दुकानातली. काचेच्या कपाटात मी बरेच महिने बसून होतो आणि माझ्या खोक्यावर राखेचा थर होता. औष्णिक केंद्र धडधडत असताना राख उडायची. मग दुष्काळ पडला, पाण्यावाचून केंद्रच बंद झालं, पण आधीची राख काही कपाट सोडून गेली नाही. दुकानदार रोज फडकं मारायचा आणि रोज वैतागायचा. राख माझ्या कुंडलीतच होती, असं आता वाटतं.

साल होतं दोन हजार तेरा. उन्हाळा लागला होता. नांदूरघाटचे कल्याणराव किराणा भरायला परळीला आले होते. गावात त्यांचं दुकान, शिवाय ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. सगळे त्यांना कल्याणअप्पा म्हणतात. साखर, साबण, काडेपेट्या टेम्पोत चढवून झाल्यावर ते आमच्या दुकानात शिरले आणि मला बोटांत धरून उलटसुलट बघत म्हणाले,

"यात पोरगी दिसंल का?"

"तुमी तिला दिसाल, मालक. ती तिच्या लॅपटॉपमधून तुमाला दिसंल."

"असं दोन दोन कावून लागतेत?"

दुकानदारानं समजावून सांगितलं. अप्पांना ते कितपत पटलं कुणास ठाऊक. पण त्यांनी मला घेतलं, आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी माझ्यासोबत एक कीबोर्ड, एक माऊस, दोन स्पीकर आणि एक भलाथोरला यूपीएस घेतला. साखरेचं पोतं आणि साबणाचं खोकं यांच्यामधे बसून आम्ही नांदूरघाटला आलो.

घरी आल्यावर अप्पांनी आधी काय केलं असेल? आम्हाला एकेक करून तराजूत ठेवलं! किराणा दुकानदाराची सवय. हातात आलेली वस्तू तोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यूपीएसनं पारडं धाडकन खाली नेलं तसे अप्पा खूश झाले. "माल हाय बरं का," म्हणाले. माझ्या पाळीला पारडं हललंसुद्धा नाही. अप्पांचा चेहरा पडला. "ह्यात त्यानं फसविलं," असं त्यांनी बायकोला सांगितलं. माझा पहिलाच अपमान, तोही घरात पाऊल ठेवताच! पण मी मनाला लावून घेतलं नाही. निदान फार नाही.

बायकोचं नाव शिवम्मा. सगळी खरेदी तिच्याच आग्रहानं झालेली. त्यांची एकुलती एक लेक गंगासागर परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. एरवी ती महिन्या दोन महिन्यांनी घरी यायची. त्या वर्षी आईनंच तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. नळाला पाणी नाही, टँकर आला तर आला. अंघोळीला पाणी देता येत नाही अशा घरात लेकीला बोलवायचं तरी कसं, असं शिवम्माला वाटायचं. आणि लेक दिसत नाही म्हणून तीच चुलीपुढे डोळे पुसायची.

आमची जोडणी फोनवरून झाली. पलीकडून गंगासागर सांगायची, इकडे अप्पा टेबलाखाली वाकून वायर शोधायचे आणि शिवम्मा फोन त्यांच्या कानाला लावून धरायची.

"अप्पा, चपटं टोक चपट्या भोकात घाला."

"इथं समदीच भोकं चपटी हायेत, बाई!"

माझा चिमटा त्या घरच्या जुन्या, पाठीत फुगीर असलेल्या मॉनिटरवर काही केल्या बसेना. शेवटी अप्पांनी पुडे बांधायची दोरी आणली आणि मला मॉनिटरच्या माथ्यावर करकचून बांधलं. साखरेच्या पुड्यासारखी माझी गाठ मारली.

जोडणी झाली आणि शिवम्मा भस्माची वडी घेऊन आली.

हे लिंगायतांचं घर. शिवम्मा सकाळी उठली की तीन बोटं ओली करून वडीवर घासणार आणि आधी स्वतःच्या कपाळावर, मग अप्पांच्या, मग तराजूच्या दांडीवर, दुकानाच्या फळीवर आणि गोठ्यातल्या गाईच्या माथ्यावर भस्म ओढणार. घरात आलेली नवी वस्तू तर भस्म लावल्याशिवाय घरची होतच नाही. तिनं यूपीएसला लावलं, कीबोर्डला लावलं, स्पीकरना लावलं. मग माझ्यापुढे आली आणि थबकली.

"अहो, ह्याचं कपाळ कोणतं?"

अप्पांनी चष्मा सारखा करून मला न्याहाळलं. माझ्यात बघण्यासारखं काय? एक चिमटा, एक दोरी आणि मधोमध गोल डोळा. "नुसता डोळाच हाय की," ते म्हणाले. "त्यालाच लाव."

आणि शिवम्मानं भक्तिभावानं माझ्या डोळ्यावर तीन बोटं ओढली.

ओलं होतं तोवर थोडंफार दिसत होतं. वाळलं आणि माझ्यापुढे पांढरं धुकं उतरलं. नवा कोरा कॅमेरा मी, अजून घरातल्या माणसांचे चेहरेही धड बघितले नव्हते, आणि झालो की आंधळा! त्या दिवशी मला भयंकर राग आला होता. पण एक सांगतो, मला घरातला मानून कपाळाला भस्म लावणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. राग आणि बरं वाटणं, दोन्ही एकदमच होत होतं.

संध्याकाळी वीज आली आणि गंगासागर पडद्यावर दिसली. शिवम्मा नुसती पडद्याच्या काचेवरून हात फिरवत राहिली. अप्पा मोठमोठ्यानं, परभणीला हाक जावी अशा आवाजात, जेवली का जेवली का विचारत होते.

"आई, तिकडं लई धूळ हाय का गं? तुमी अंधूक दिसता."

"दुष्काळ हाय बाई. धूळच धूळ."

झालं! दुष्काळानं मला वाचवलं म्हणा किंवा बुडवलं म्हणा. त्या दिवसापासून माझ्या आंधळेपणाचा सगळा दोष धुळीवर गेला. आईबापाला लेक स्वच्छ दिसायची, त्यांना पुसण्यासारखं काही वाटायचं नाही. लेकीला वाटायचं, अप्पांनी हलका कॅमेरा घेतलाय, कशाला बोलून त्यांना वाईट वाटू द्यायचं. आणि दर सोमवारी आंघोळ करून, नाहीतर नुसते हातपाय ओले करून, शिवम्मा माझ्या डोळ्यावर नवं भस्म ओढायची.

आता गुंजीबद्दल सांगतो. गुंजी म्हणजे शिवम्माची गाय. लालकंधारी जातीची, गुंजेसारखी तांबडी, म्हणून गुंजी. शिवम्माच्या माहेराहून कालवड म्हणून आलेली. गंगासागर तिच्याच अंगावर पुस्तक टेकवून अभ्यास करायची, आणि जनावरांची डॉक्टर व्हायचं तिनं गोठ्यातच ठरवलं होतं. दुष्काळात गावातली निम्मी दावण रिकामी झाली, पण गुंजीला विकायचं नाव शिवम्मानं काढू दिलं नाही. गुंजी गाभण होती.

गावच्या सोसायटीनं माळावर छावणी उघडली होती. घरचा कडबा संपला तशी गुंजीही छावणीत गेली. तिथे चारा म्हणजे ऊस. सकाळी ऊस, संध्याकाळी ऊस. दुसरं काही मिळतच नव्हतं, आणि ऊस मिळतोय हेच लोकांना मोठं वाटत होतं. हळूहळू गुंजीनं खाणं सोडलं. मागचे पाय आखडले, बरगड्या दिसायला लागल्या. अप्पांनी तिला घरी आणली. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांकडे इतक्या छावण्या होत्या की आज येतो, उद्या येतो, असंच चाललं होतं.

मग एका सोमवारी दुपारी सटवा आला. सटवा जनावरांचा व्यापारी, आसपासच्या सगळ्या बाजारांत फिरणारा. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, घरचं दावं घरच्याच खुंट्याला राहतं. सटवाच्या खांद्यावर त्याचं स्वतःचं दावं होतं. ते बघून शिवम्माला सांगावं लागलं नाही.

"म्या सबूद दिलाय," अप्पा खाली बघत म्हणाले. "इथं मरताना बघणं माझ्यानं व्हायचं न्हाई. दोन जीव हायेत तिच्यात."

गुंजी पुढे कुठे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवम्मानं वाद घातला नाही. तिनं गुंजीच्या गळ्यातलं दावं स्वतः सोडलं. मग म्हणाली, "लेकीला एकदा दिसू द्या. मग न्या."

वीज होती. गंगासागरला फोन लागला, ती पडद्यावर आली. माझी वायर आखूड, म्हणून अप्पांनी आणि सटवानं गुंजीला धरून बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. गाईचं अख्खं डोकं बैठकीत! शिवम्मानं माझी दोरी सोडली आणि मला हातात धरून गुंजीच्या तोंडासमोर नेलं. सकाळचं ताजं भस्म माझ्या डोळ्यावर होतं.

"गुंजे," पलीकडून लेक म्हणाली. मग बराच वेळ ती बघत होती. "आई, तिची खालची पापणी ओढ बरं. ओठ उचल."

शिवम्मानं ओठ उचलला.

"पांढरंफटक पडलंय गं समदं. रक्तच न्हाई अंगात. डोळ्यावरबी पडदा आलाय. आणि रंग किती उडालाय तिचा..." गंगासागरनं डोळे पुसले. "अप्पा, ही व्याईपस्तोर टिकायची न्हाई. तुमी करता ते बरोबर हाय."

मी काय करणार होतो? मला ओरडून सांगायचं होतं, अगं पोरी, ती पांढरी नाही, मी पांढरा आहे! पडदा तिच्या डोळ्यावर नाही, माझ्या आहे! पण मला कान आहे, तोंड नाही. घरातली तिन्ही माणसं रडत होती आणि ज्याच्यामुळे रडत होती तो मी, शिवम्माच्या मुठीत. इतकं असहाय मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस बोंबलायला लागला. त्याच्या पोटात थोडीच मिनिटं असायची, आणि ती संपेपर्यंत तो सारखा टीं टीं करत राहायचा. सटवानं खांद्यावरचं दावं हातात घेतलं.

"घिऊ का मग, मालक?"

शिवम्मा पुढे झाली. शेवटचं म्हणून गुंजीच्या तोंडाला तोंड लावायला गेली आणि तिच्या हातातला मी गुंजीच्या नाकापाशी आलो. गुंजीनं मला हुंगलं. मग तिची जीभ बाहेर आली.

खरखरीत, ओली, गरम जीभ. एकदा माझ्या डोळ्यावरून गेली. पुन्हा गेली. मग तर गुंजी थांबेचना. कित्येक दिवस चाऱ्याला तोंड न लावलेली गाय मला अधाशासारखी चाटत होती. शिवम्मानं दचकून मला मागे घेतलं, सवयीनं पदरानं पुसलं आणि पुन्हा समोर धरलं.

आणि मला दिसलं. पहिल्यांदा! उंबऱ्यावरचं ऊन, अप्पांचे लाल झालेले डोळे, सटवाच्या हातातलं नवं दावं. आणि समोर गुंजी, तांबडीजर्द, काळ्याभोर डोळ्यांची. इतकं सुंदर काही मी त्याआधी बघितलं नव्हतं, कारण त्याआधी मी काहीच नीट बघितलं नव्हतं.

"आई! थांब! काय केलंस तू?"

"म्या कुठं काय केलं? गुंजीनं चाटलं ह्याला."

"ओठ उचल. पुन्यांदा उचल." गंगासागर पडद्याला नाक लागेल इतकी पुढे आली होती. "अगं, गुलाबी हाय की! मगाशी पांढरं दिसत होतं. त्या कॅमेऱ्यावर काय होतं?"

"भस्म हाय. दर सोमवारी लावते की."

"डोळ्याला?"

"कपाळच न्हाई त्याला! मग कुठं लावू?"

पलीकडे एकदम हसण्याचा आवाज आला, मग ते हसू अर्ध्यातच थांबलं. "आई, ती भस्म चाटत होती? आणखी काय काय चाटती ती?"

"भिंत चाटती. परवा तुझ्या अप्पाची चप्पल चावली. माझ्या लुगड्याचा काठ खाल्ला. खोड लागलीय बग तिला."

"खोड न्हाई ती! मग आधी कावून सांगितलं न्हाई? अप्पा, ऐका. नुसत्या उसावर ठिवलं की अंगातले क्षार कमी होतेत. जनावर माती खातं, चप्पल खातं, राख चाटतं, पाय आखडतेत. समदं जुळतंय. ह्याला औषध हाय! संघाकडं क्षारमिश्रण मिळतंय, आजच आणा. मीठ द्या. उसाला चुन्याची निवळी मारा. डॉक्टरला म्हणावं, इंजेक्शन घिऊन आत्ताच्या आत्ता या. छावणीतल्या समद्याच जनावरांना असंच होत आसंल, त्यांना बी सांगा. आणि सटवामामाला म्हणावं..."

यूपीएस गप्प झाला. पडदा काळा पडला.

सटवाला काय म्हणावं, ते कुणी कुणाला विचारलं नाही. शिवम्मानं देव्हाऱ्यातली भस्माची वडी आणली आणि सरळ गुंजीपुढे धरली. गुंजीनं ती अख्खी वडी चाटून संपवली. सटवानं आपलं दावं घडी करून पुन्हा खांद्यावर टाकलं. म्हणाला, "मालक, लई लांबून आलतो. चहा तरी पाजा." त्या दिवशी पिंपात जेमतेम पाणी होतं, तरी शिवम्मानं त्याला कपभरून चहा दिला आणि पुन्हा दिला.

अप्पा तसेच मोटारसायकलला लाथ मारून निघाले. चेअरमनपदाचा एवढा उपयोग त्यांनी कधी केला नसेल. दूध संघातून क्षारमिश्रणाच्या पिशव्या आणल्या, आधी घरी, मग छावणीसाठी. डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले आणि त्यांना पाठीमागे बसवूनच घेऊन आले. डॉक्टरांनी गुंजीला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "पोरीनं बरोबर ओळखलं." सोसायटीच्या लोकांनी छावणीत उसाच्या कुट्टीला चुन्याची निवळी मारायला सुरुवात केली. महिन्याभरात आखडलेली जनावरं चालायला लागली, असं लोक दुकानात येऊन सांगायचे. मी ऐकायचो आणि मनातून फुगायचो.

गुंजी वाचली. पावसाळ्याच्या तोंडावर व्याली, कालवड झाली. परीक्षा देऊन आलेल्या गंगासागरनं स्वतःच्या हातानं ती काढली. सोमवारची भस्माची बोटं त्या दिवसापासून माझ्या चिमट्यावर यायला लागली. शिवम्मानं ठरवून टाकलं होतं की तेच माझं कपाळ.

आता बरीच वर्षं झाली. मॉनिटर भंगारात गेला, यूपीएस त्याच्या आधीच गेला. घरात सगळ्यांकडे मोबाइल आहेत आणि डॉक्टर गंगासागर दिवसातून दोनदा त्यातूनच आईशी बोलते. गुंजी म्हातारी होऊन याच गोठ्यात गेली, तिच्या खुंट्याला आता तिची नात आहे. माझी वायर तुटली आहे. भंगारवाला आला तेव्हा अप्पांनी मलाही टोपलीत टाकलं होतं, पण शिवम्मानं उचलून घेतलं. "ह्याला न्हाई द्यायचं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी उंबऱ्याजवळच्या भिंतीतल्या देवळीत असतो. समोर गोठा.

मध्यंतरी शिवम्माला दिसेनासं झालं. डोळ्यात मोतीबिंदू. लेकीनं तिला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करवलं. काळा चष्मा लावून ती घरी आली, आधी गोठ्यात जाऊन आली आणि मग देवळीतून मला उचलून म्हणाली,

"तुला गुंजीनं पुसलं, मला डॉक्टरनं. आता तू बी बग, मी बी बगते."

वायर नसलेला कॅमेरा काय बघणार, ते तिलाही माहीत आहे. पण या घरानं मला माणसात धरलं, मला कपाळ दिलं, आणि मी आंधळा असताना एका मुक्या जिवानं मला दृष्टी दिली. माझ्या जातीच्या किती जणांच्या वाट्याला हे येतं?

एकच मागणं आहे. कधीतरी मला टाकावंच लागेल, त्याचं दुःख नाही. फक्त टाकण्याआधी माझ्या डोळ्यावर तीन बोटं भस्म ओढा आणि मला गुंजीच्या नातीपुढे धरा. तिनं चाटलं, तर तिला कशाची गरज आहे ते तुम्हाला कळेल. नाही चाटलं, तर तिचं पोट भरलेलं आहे, एवढं ऐकून मी आंधळाच जाईन.